स्टिअरिंग जड होण्याआधी : पॉवर स्टिअरिंग कसं तपासायचं, कसं सांभाळायचं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, किंवा ज्यांना बॉनेट उघडून मोबाइल समोर धरून एकेक गोष्ट तपासायची आहे, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण ब्रेकबद्दल बोललो. आज स्टिअरिंगकडे येऊ. आणि सुरुवात माझ्याच एका मूर्खपणापासून करतो, कारण त्या दिवशी शिकलो ते आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही चिपळूणहून पुण्याला परत येत होतो. गाडीत मी, आई, बाबा. गाडी माझी जुनी डिझेल, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगवाली. त्याआधी दोन महिने गाडी वळवताना बॉनेटखालून 'घूंऽऽ' असा आवाज यायचा. मी डबी उघडून बघायचो, ऑइल कमी दिसायचं, मग डिकीतल्या बाटलीतून थोडं टाकायचो. आवाज बंद. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तेच. मला वाटायचं, आपण गाडीची किती काळजी घेतो!

पोफळी सोडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला. वर चढताना डावीकडे एक तीव्र वळण आलं. मी स्टिअरिंग वळवलं आणि अर्ध्यात ते एकदम दगडासारखं झालं. अडकलं नव्हतं, पण माझा हात ज्या वजनाच्या अंदाजाने फिरत होता त्याच्या कितीतरी पट जोर लागायला लागला. गाडी वळली नाही, सरळ उजव्या बाजूला गेली. समोरून ट्रक उतरत होता. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, मीही मारला. मध्ये फार तर दहा फूट अंतर राहिलं असेल. त्याने डोकं बाहेर काढून जे काही म्हटलं ते इथे सांगता येणार नाही, पण त्याचं बरोबर होतं.

मी उभ्या गाडीत दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होतो. हलेना. बाबांनी वीस वर्षं फियाट चालवलेली, बिनपॉवरची. ते शांतपणे म्हणाले, "उभ्या गाडीचं स्टिअरिंग ओढू नकोस. आधी गाडी हलू दे, मग वळव." पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर गाडी सरकवली आणि खरंच, जड का होईना, वळली. पुढे रुंद जागा मिळाली तिथे थांबलो. बॉनेट उघडलं तर सगळीकडे ऑइल उडालेलं आणि गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडून त्याचा धूर होत होता. जास्त दाबाचा होज पाइप जोडापाशी फाटला होता.

क्रेनने गाडी कराडला आणली. तिथल्या मिस्त्रींनी पाइप हातात घेऊन विचारलं, "किती दिवस तेल टाकताय?"

"दोन महिने."

"मग दोन महिने ते जात कुठं होतं, साहेब?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा सगळा भाग त्या एका प्रश्नावर आहे.

हे तेल संपत नसतं

इंजिन ऑइल थोडंफार जळतं. ब्रेक पॅड झिजले की ब्रेक ऑइलची पातळी जराशी खाली येते. म्हणजे तिथे पातळी उतरायला काहीतरी साधं कारण असू शकतं. पॉवर स्टिअरिंगचं तसं नाही. ते बंद चक्र आहे. डबीतून पंपात, पंपातून रॅकमध्ये, रॅकमधून परत डबीत. ते जळत नाही, खर्च होत नाही. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर त्याचा एकच अर्थ : कुठून तरी गळतंय. टॉपअप म्हणजे दुरुस्ती नव्हे. टॉपअप करून आपण फक्त गळतीला वेळ देतो.

आता दाबाचा विचार करा. टायरमध्ये आपण साधारण ३०-३३ पीएसआय हवा भरतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून धरलं की हायड्रॉलिक पंपातला दाब १००० पीएसआयच्या वर जातो. ज्या होजमधून आज थेंब झिरपतोय, त्याच्या आत हा दाब आहे. तो फाटणार कधी? जेव्हा आपण सगळ्यात जास्त वळवू तेव्हा. म्हणजे नेमका तीव्र वळणावर. माझं तसंच झालं, आणि त्यात नशिबाचा काही भाग नव्हता.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा

हायड्रॉलिक मदतीचं स्टिअरिंग विकायच्या गाडीत पहिल्यांदा १९५१ मध्ये क्रायस्लरने अमेरिकेत दिलं. इलेक्ट्रिक मोटरवालं १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या जपानमधल्या छोट्या गाडीत आलं. आज आपल्याकडे दोन्ही दिसतात. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा यांच्यात हायड्रॉलिक आहे. वॅगन-आर, स्विफ्ट, अर्टिगा अशा गाड्यांत इलेक्ट्रिक.

ओळखायचं कसं? बॉनेट उघडा आणि स्टिअरिंगचं चित्र असलेलं झाकण शोधा. अशी छोटी डबी दिसली तर तुमचं हायड्रॉलिक. डबीच नसेल तर बहुतेक इलेक्ट्रिक, आणि त्यात ऑइल नावाची भानगडच नाही. काही गाड्यांत मिश्र प्रकार असतो : ऑइल असतं, पण पंप बेल्टऐवजी विजेवर चालतो. शंका असेल तर गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल बघा. एका श्रोत्याने मागे विचारलं होतं, "माझ्या गाडीत पॉवर स्टिअरिंग ऑइलची डबी सापडत नाही, चोरीला गेली का?" नाही दादा, ती कधी नव्हतीच.

हायड्रॉलिक असेल तर : पाच गोष्टी

पहिली, पातळी. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद. डबी पारदर्शक असेल तर बाहेरूनच मिन आणि मॅक्सच्या खुणा दिसतात. नसेल तर झाकणाला पट्टी असते, ती पुसून परत बुडवून बघा. काही पट्ट्यांवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात, कारण तापल्यावर तेल फुगतं. सकाळी थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत भरलंत तर दुपारी ते झाकणातून बाहेर येईल. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ फडक्याने पुसा. आत गेलेला कचरा थेट पंपात जातो.

पातळीची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढला तरी चालेल. एकदा बघून काही कळत नाही. दोन फोटोंमधला फरक खरं काय ते सांगतो.

दुसरी, रंग आणि वास. बऱ्याच गाड्यांत लाल रंगाचं एटीएफ जातीचं ऑइल असतं. ते लालसर आणि स्वच्छ दिसायला हवं. तपकिरी-काळं झालं असेल, जळका वास येत असेल, पांढऱ्या फडक्यावर काळे कण दिसत असतील, तर ते बदलायची वेळ झाली. वर फेस दिसला तर आत हवा शिरली आहे.

इथे एक इशारा. कोणतं ऑइल टाकायचं ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. काही गाड्यांत हिरव्या रंगाचं कृत्रिम ऑइल लागतं, काही कंपन्यांचं स्वतःचं वेगळं असतं. लालमध्ये हिरवं मिसळू नका. आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. त्याची रसायनं वेगळी आहेत, रबराची सीलं फुगून खराब होतात आणि मग पंपापासून रॅकपर्यंत सगळं उघडावं लागतं.

तिसरी, बेल्ट. पंप इंजिनवरच्या बेल्टने फिरतो. इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात घाला. ओढणी, सैल बाही, हातातलं कडं, सगळं सांभाळून. बेल्टच्या आतल्या बाजूला भेगा आहेत का, कडेचे धागे निघालेत का, तो काचेसारखा चकचकीत झालाय का, ते बघा. साध्या बेल्टला दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबलं तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. स्वतः ताण धरणारी पुली असेल तर फक्त भेगा आणि झीज बघा.

बऱ्याच गाड्यांत हाच बेल्ट अल्टरनेटर फिरवतो, काहींत पाण्याचा पंपही. म्हणून बेल्ट तुटला की स्टिअरिंग जड होतं, डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो आणि मागोमाग इंजिन तापायला लागतं. हे तिन्ही एकत्र दिसलं तर पुढच्या गावापर्यंत रेटायचं नाही. जागीच थांबायचं.

चौथी, आवाज. वळवताना 'घूंऽऽ' असा आवाज म्हणजे ऑइल कमी किंवा आत हवा. पूर्ण वळवल्यावर 'चीऽऽ' अशी किंकाळी म्हणजे बेल्ट घसरतोय. खड्ड्यातून जाताना 'टक टक' येत असेल तर तो पंप नव्हे, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा बुश असण्याची शक्यता जास्त. मिस्त्रींना नुसतं "आवाज येतो" असं सांगू नका. कधी येतो, कसा येतो ते सांगा. त्यांचे दोन तास आणि तुमचे पैसे वाचतील.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची, गळती. रात्री पार्किंगमध्ये गाडीच्या पुढच्या भागाखाली जुनी वर्तमानपत्रं किंवा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग बघा. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. काळं-तपकिरी तेल बहुतेक इंजिनचं. हिरवट किंवा गुलाबी पण पाण्यासारखं पातळ, ते कूलंट. लालसर आणि तेलकट असेल तर पॉवर स्टिअरिंग, किंवा ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरबॉक्स.

गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. डबीपाशी होजची क्लिप, पंपाच्या शाफ्टचं सील, होज जिथे धातूच्या नळीत दाबून बसवलेला असतो तो जोड, आणि रॅकच्या दोन्ही टोकांना असलेले घडीचे रबरी बूट. बूट बाहेरून कोरडा दिसतो म्हणून फसू नका. इंजिन बंद असताना तो हळूच दाबून बघा. आत तेल साचलं असेल तर रॅकचं सील गेलंय. आणि इंजिन चालू असताना गळणाऱ्या होजला बोट लावून बघायचा मोह टाळा. तेल गरम असतं, आणि त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाऊ शकते.

होज किंवा क्लिपचं काम वेळेवर केलं तर खर्च आवाक्यातला असतो. तेच दुर्लक्ष करून पंप कोरडा चालवला तर पंप जातो, पंपाचा चुरा रॅकमध्ये जातो, आणि मग बिल पाहून बसायला खुर्ची लागते. माझ्या बाबतीत होज, पंप, रॅकची सीलं, असं सगळं झालं. बाटल्यांवर घातलेले पैसे वेगळेच.

ऑइल बदलल्यावर हवा काढणं

ऑइल बदललं किंवा होज उघडला की आत हवा राहते. पुढची चाकं जॅकने उचलून स्टँडवर घ्यायची, मागच्या चाकांना दगड लावायचा. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवायचं, दुसऱ्याने डबीत ऑइल भरत राहायचं. बुडबुडे थांबले की मग इंजिन सुरू करून तेच पुन्हा काही वेळा. घाईने इंजिन आधीच सुरू केलं तर पंप हवा घुसळून फेस करतो आणि तो निघायला फार वेळ लागतो. किती किलोमीटरला बदलायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर रंग आणि वास बघून ठरवा.

इलेक्ट्रिक असेल तर

इथे ऑइल नाही, बेल्ट नाही, पण म्हणून बघण्यासारखं काही नाही असं समजू नका. स्टिअरिंगच्या दांड्यावर किंवा रॅकवर एक मोटर असते. तुम्ही किती जोर लावताय हे एक सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबाने मोटर मदत करते. पार्किंगमध्ये वळवताना ही मोटर काही क्षण ५० अँपिअरपर्यंतही करंट घेऊ शकते. ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब साडेचार अँपिअर घेतो. म्हणजे दहा-अकरा हेडलाइट एकदम लावल्यासारखं झालं.

म्हणून इलेक्ट्रिक स्टिअरिंगची पहिली तपासणी म्हणजे बॅटरी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली, भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर साफ करून घ्या. अर्थिंगची वायर सैल नाही ना, ते बघा. स्टिअरिंग मधूनच जड होतंय अशा तक्रारीत मोटर बदलण्याआधी हे बघायलाच हवं.

दुसरी, दिवा. किल्ली फिरवल्यावर स्टिअरिंगचं चित्र असलेला दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना घाबरवते. अरुंद गल्लीत उभ्या गाडीत पाच-सात वेळा इकडून तिकडे पूर्ण वळवलं की स्टिअरिंग जड होतं. मोटर तापू नये म्हणून यंत्रणा स्वतःच मदत कमी करते. थोडा वेळ थांबा, परत हलकं होईल. पण रोजच्या साध्या चालवण्यात असं होत असेल तर दाखवा. आणि गाडी पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उभी राहिली असेल तर कनेक्टरमध्ये ओल गेली नाही ना, हे तपासून घ्यायला सांगा.

दोन्ही प्रकारांत बघायचं ते

स्टिअरिंग जड वाटलं की सगळ्यात आधी टायरची हवा बघा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली तर चांगलं स्टिअरिंगही जड लागतं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुतेक वेळा कारण अलाइनमेंट, टायर किंवा धरलेला ब्रेक असतो.

इंजिन चालू ठेवून, चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. कडेवर मोजलं तर दोन-तीन सेंटिमीटरच्या आत टायर हलायला लागला पाहिजे. त्याहून जास्त ढिलेपणा असेल तर जोड झिजलेत. गॅरेजमध्ये गाडी उचललेली असताना चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायला सांगा. तिथे खेळ असेल तर टाय रॉड किंवा रॅक. बारा आणि सहाच्या जागी खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. आणि ते रबरी बूट इथेही बघा. फाटक्या बुटातून चिखलाचं पाणी आत गेलं की रॅक गंजतो. कोकणातल्या गाड्यांनी पावसाळा संपला की हे एकदा बघून घ्यावंच.

चालवताना

पूर्ण वळवून चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. टोकाला लागल्यावर केसभर मागे सोडा. उभ्या गाडीत चाकं रगडत वळवू नका. बाबांचा फियाटच्या काळचा नियम, 'आधी हलू दे, मग वळव', आजच्या पंपाला आणि मोटरलाही तितकाच लागू आहे. टायरही कमी झिजतात.

आणि चालू गाडीत मदत गेलीच तर? लक्षात ठेवा, स्टिअरिंग आणि चाकांचं जोडकाम तसंच असतं. स्टिअरिंग लॉक झालेलं नसतं, जड झालेलं असतं. घाबरून हात सोडू नका. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग हळूहळू कमी करा, धोक्याचे दिवे लावा आणि रुंद जागा बघून बाजूला घ्या. वेग कमी होत जाईल तसं ते आणखी जड लागेल, त्याची मनाची तयारी ठेवा. गाडी थांबेपर्यंत इंजिन बंद करू नका, आणि किल्ली तर अजिबात काढू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांत संपते, आणि किल्ली काढली की स्टिअरिंग खरोखरच लॉक होऊ शकतं.

याच कारणाने घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांना हात जोडून सांगतो : वाचतात ते चार पैसे, आणि त्या बदल्यात तुम्ही स्टिअरिंग, ब्रेक आणि इंजिनचा अडसर, तिन्ही एकदम सोडून देता.

कराडहून पुण्याला येताना मी बाबांना म्हटलं, "मी तर नियमित बघत होतो." ते म्हणाले, "बघत होतास रे, पण विचारत नव्हतास."

तेव्हा मंडळी, या रविवारी दहा मिनिटं काढा. बॉनेट उघडा, पातळीचा फोटो घ्या, रात्री खाली पुठ्ठा टाका. पंधरा दिवसांनी दुसरा फोटो घ्या. पातळी उतरलेली दिसली तर बाटली आणायला जाण्याआधी गॅरेजमध्ये जा.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे पाठवा, आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तर अधिकच बरं. पुढच्या भागात भेटू. तोवर जपून चालवा.